मयताच्या नावाचं लायसन

"शेखभाई, साळवे डॉक्टरांच्या लायसनला वारस लावायचा अर्ज धाडला बरं का अमेरिकेला. मृत्यूच्या दाखल्यासकट."

अण्णांनी हे इतक्या सहज सांगितलं की माझ्या बशीतला चहा थेट पँटवर सांडला.

"काय धाडलं?"

"वारसनोंदीचा अर्ज. इंग्रजीत टाईप केला, शिक्का मारला, फॅक्स केला. चेअरमनसाहेबांची सही हाय त्याच्यावर. यात दचकायचं काय एवढं?"

रागवावं की हसावं, काही कळेना.

अण्णा म्हणजे आमच्या जिल्ह्यातल्या एका दूध संघाचे ऑफिस सुपरिंटेंडेंट. संघात येण्याआधी त्यांची निम्मी हयात तहसील कचेरीत गेलेली. सातबारा, फेरफार, वारसनोंद यांच्याबाहेर मालकीचा आणखी काही प्रकार जगात असतो, हे त्यांना मान्यच नव्हतं. माणूस गेला की त्याच्या नावावरचं जे असेल त्याला वारस लावायचा. जमीन, विहीर, बंदूक, सगळ्याला. मग कॉम्प्युटरचा प्रोग्राम तेवढा कसा सुटेल?

मी त्या संघाचे कॉम्प्युटर सांभाळायचो. नगरला सावेडीत माझं एका गाळ्याचं दुकान होतं. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. इंटरनेट हा शब्द आम्ही तोवर फक्त मासिकात वाचलेला. पण संघात एक बुलेटिन बोर्ड होता आणि तो माझ्या हातचा होता. त्याचा मला केवढा ताठा!

बुलेटिन बोर्ड म्हणजे काय, तर एक साधा कॉम्प्युटर, त्याला मोडेम, आणि मोडेमला टेलिफोन. मोडेम म्हणजे फोनच्या तारेवरून कॉम्प्युटरचं बोलणं नेणारी डबी. जामखेडच्या डॉक्टरनं तिकडून नंबर फिरवायचा. डबी किंचाळायची, खरखरायची, आणि लाईन लागली की त्याच्या स्क्रीनवर आमचा बोर्ड उघडायचा. त्यानं आपला प्रश्न लिहून ठेवायचा, फोन सोडायचा. मग पारनेरवाल्यानं नंबर फिरवायचा, तो प्रश्न वाचायचा, उत्तर लिहायचं. सगळं मराठी, पण इंग्रजी अक्षरांत. एका वेळी एकच माणूस आत, कारण लाईन एकच.

हा बोर्ड जनावरांच्या डॉक्टरांसाठी होता. संघाच्या प्रत्येक चिलिंग सेंटरवर, म्हणजे दूध थंड करायच्या केंद्रावर, एक डॉक्टर, आणि डॉक्टर बिचारा एकटा. समोर गाय आडवी पडलेली, मालक डोक्यावर उभा, विचारायचं कुणाला? तर साळवे डॉक्टरांना. ते संघाचे मुख्य पशुवैद्य आणि बोर्डचे चालक, म्हणजे आमच्या भाषेत सिसॉप. रोज संध्याकाळी खुर्ची ओढून बसायचे आणि एकेका प्रश्नाला उत्तर द्यायचे. दोन बोटांनी टाईप करायचे, पण उत्तर असं की वाचणाऱ्याला वाटावं, डॉक्टर शेजारीच उभे आहेत.

जामखेडला संगीता शिंदे नावाची डॉक्टर होती. नवीन लागलेली, वयानं लहान. गावातली माणसं तोंडावर म्हणायची, "बाई काय बैल धरनार?" तिचा बोर्डवरचा अगदी पहिला प्रश्न मला पाठ आहे. पावसानं ओढ दिलेली, ज्वारी गुडघ्याएवढी होऊन खुरटलेली, आणि गुरं त्या रानात घुसलेली. तसली कोवळी ज्वारी विषारी असते, गुरं उभ्याउभ्या कोसळतात. हिच्याकडं औषध नाही. साळवे डॉक्टर योगायोगानं मशीनसमोरच होते. त्यांनी लिहिलं, 'गावात फोटो स्टुडिओ असेल. फोटो धुवायला हायपो वापरतात, तो माग. पाण्यात कालव आणि पाज. रडायचं ते नंतर रड.' खाली हायपो किती, पाणी किती, ते. तीन गाई उठल्या. त्यानंतर जामखेडात तिला बाई म्हणायची कुणाची टाप नव्हती, सगळे डॉक्टरीणबाई म्हणायला लागले.

असे हजारो निरोप त्या बोर्डवर साठले होते. आणि एक दिवस साळवे डॉक्टरच गेले. श्रीगोंद्याहून परत येताना जीपमध्येच हार्ट अटॅक आला, दवाखाना गाठायच्या आत सगळं संपलं. पण बोर्ड चालूच राहिला. कुणाची गाय अडली की तो डॉक्टर फोन लावून साळवेंचं जुनं उत्तर शोधून वाचायचा. संगीता मला एकदा म्हणाली होती, "शेखभाई, सर गेले असं मला जामखेडात वाटतच नाही. नगरला आले की वाटतं."

आता घोडं कुठं अडलं ते सांगतो. हा प्रोग्राम अमेरिकेतल्या एका माणसानं एकट्यानं लिहिलेला. त्याला पैशांचा बँक ड्राफ्ट पाठवला की तो टपालानं एक की पाठवायचा. की म्हणजे कुलपाची किल्लीच, फक्त आकड्यांची. ती दोन नावांवरून तयार व्हायची: बोर्डचं नाव आणि सिसॉपचं नाव. ही दोन नावं आणि की जुळली तर प्रोग्राम पुरा चालणार. नाही जुळली तर तो स्वतःला फुकटचा नमुना समजणार, आणि नमुन्यात थोडेच निरोप राहतात. बाकीचे तो सुरू होतानाच जुन्यापासून पुसत येतो.

फॉर्म भरला तेव्हा मी म्हणालो होतो, सध्या ट्रायल म्हणून नाव टाकू. म्हणून बोर्डचं नाव 'TEST BOARD' आणि सिसॉप 'DR SALVE'. तेच कायम झालं. चेअरमनना ते नाव कधीच आवडलं नाही. डॉक्टर मात्र हसायचे. म्हणायचे, "राहू द्या हो. आपली रोज परीक्षाच असते."

पहिला स्मृतिदिन जवळ आला आणि चेअरमनसाहेबांच्या मनात आलं की बोर्डला डॉक्टरांचं नाव द्यायचं. भावना चांगली होती, त्यात मला काही म्हणायचं नाही. पण अण्णा म्हणाले, लायसन मयताच्या नावावर, आधी वारस लावा, मग नाव बदला. आणि मला न विचारता फॅक्स सुटला.

मी मनाची समजूत घातली. तो अमेरिकेतला माणूस भला होता. पूर्वी पुण्यातल्या एका ओळखीच्यानं नाव बदलून मागितलं, तर त्यानं फुकटात नवी की दिली होती, वर शुभेच्छा. म्हटलं, देईल आपल्यालाही.

उत्तर आलं ते भलतंच. भल्या माणसानं प्रोग्राम एका कंपनीला विकून टाकला होता. कंपनीनं लिहिलं होतं, जुन्या आवृत्तीचा सपोर्ट बंद. जुनं लायसन ज्याच्या नावावर आहे त्याच्याच नावावर, आहे तसं चालू ठेवा, आमची हरकत नाही. पण ते दुसऱ्याच्या नावावर होणार नाही आणि नाव बदलून नवी की मिळणार नाही. नवं नाव हवं तर नवी आवृत्ती घ्या. तिच्या लायसनचे पैसे जितके वाचणारे तितके, आणि दर वर्षी पुन्हा. शेवटी बारीक अक्षरात, नव्या आवृत्तीत जुने निरोप उघडणार नाहीत.

मी ते दोनदा वाचलं. रोजच्या वापरातली वस्तू, आपल्या टेबलावर, आपल्या विजेवर चालणारी, आणि समुद्रापलीकडं कुणीतरी कुणाला तरी विकली की इथं आपले हात बांधले जातात! मला हे खरंच वाटेना. मी तसाच चेअरमनच्या केबिनमध्ये गेलो.

"साहेब, नाव बदलायचं नाही. बोर्डला हात लावायचा नाही. बदललं तर डॉक्टरांची सगळी उत्तरं पुसली जातील."

चेअरमननी चष्मा काढला. "शेख, मशीन आपलं?"

"आपलं."

"जागा आपली, लाईट आपली, फोन आपला?"

"हो, पण प्रोग्राम..."

"मग आपल्या बोर्डाला नाव द्यायला त्या गोऱ्याची परवानगी कशाला? पाटीसुद्धा तयार हाय. संगमरवरी. साळवेबाईंना बोलावणं गेलंय. पत्रकार येनार हायेत."

"पाटी लावा ना साहेब, दारावर लावा. स्क्रीनला हात नको."

"बरं बरं, बघू," ते म्हणाले. आणि इथंच मी फसलो. 'बघू' म्हणजे 'नाही करत', असं मी माझ्या सोयीनं समजलो. चेअरमनच्या 'बघू'चा अर्थ अख्ख्या संघाला माहीत होता.

स्मृतिदिनाला मला पोचायला उशीर झाला. पारनेरच्या एका पतसंस्थेत मशीन बिघडलं होतं. मी आलो तेव्हा हॉल भरलेला. साळवे डॉक्टरांचा फोटो, हार, मेणबत्त्या. कुणीतरी नारळ आणला होता; साळव्यांच्यात नारळ फोडत नाहीत हे त्याला माहीत नसावं. साळवेबाई, म्हणजे डॉक्टरांच्या मिसेस, शाळेत मास्तरीण होत्या. त्यांनी शांतपणे नारळ बाजूला ठेवायला सांगितलं आणि मेणबत्ती लावली. मंचावर कॉम्प्युटर मांडला होता, वर झेंडूची माळ. संगीता पहिल्या ओळीत. मला बघून तिनं हात केला.

चेअरमन माईकवर म्हणाले, "आता वहिनींच्या हस्ते, बटन दाबून, आपल्या लाडक्या डॉक्टरांच्या नावाचा बोर्ड सुरू होईल."

मी अण्णांकडं बघितलं. ते अभिमानानं हळूच म्हणाले, "मीच बदलली नावं सकाळी. तुमी बसायचा तवा बघून ठेवलं हुतं. फेरफार झाला."

"अण्णा!" मी ओरडलो. पण तेवढ्यात बाईंनी एंटर दाबलं.

स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत 'DR SALVE SMRUTI BOARD' आलं. टाळ्यांचा कडकडाट! त्याच्याखाली लाल अक्षरांत एक ओळ लुकलुकायला लागली, की हा नमुना आहे. आणि तिच्याखाली एक आकडा. शिल्लक निरोपांचा. तो भराभरा खाली यायला लागला.

लोकांना वाटलं, उद्घाटनाचीच काहीतरी गंमत आहे. ते आणखी टाळ्या वाजवायला लागले. एकानं शिट्टीसुद्धा मारली. एक एक आकडा म्हणजे डॉक्टरांचं एक एक उत्तर होतं हो! आणि टाळ्या वाजवून ती पुसली जात होती. आयुष्यात मी मशीनं जळताना पाहिली, पण असं काही पाहिलं नाही.

मी मंचावर उडी मारली. भिंतीतला प्लग काढून उपयोग नव्हता, मशीन यूपीएसवर होतं. यूपीएस म्हणजे लाईट गेली तरी मशीन चालू ठेवणारी बॅटरी. मी झेंडूची माळ ओढली आणि कॉम्प्युटरच्या मागची वायरच उपटली. आकडा अर्ध्यातच विझला आणि स्क्रीन काळा झाला.

हॉलमध्ये एकदम गलका.

"अरे शेख, डोकं फिरलं का तुझं?" चेअरमन माईकवरच ओरडले. "वहिनींच्या हातचं काम, आन् तू मशीन बंद पाडतोस? भर सभेत?"

"साहेब, डॉक्टर पुसले जात होते!"

माझ्या तोंडून हेच निघालं. नीट बोलायला सुचलंच नाही. माझा आवाज फाटला होता आणि मला त्याची लाज वाटली नाही. संगीता धावत वर आली. तिनं विचारलं, "किती गेले?" मी म्हणालो, "माहीत नाही." तिचा चेहरा पांढराफटक पडला.

बॅकअप नव्हता का, असं तुम्ही विचाराल. होता. डॉक्टर दर आठवड्याला फ्लॉपीवर नक्कल काढून कपाटात ठेवायचे. कपाट भिंतीला लागून, आणि भिंतीला ओल. सभा उठून पेढे वाटले जात असताना आम्ही फ्लॉप्या एकेक करून मशीनमध्ये घालत होतो. बहुतेकींवर बुरशी. मशीन नुसतं करकर करायचं आणि वाचता येत नाही म्हणायचं. संगीता माझ्यामागं उभी राहून प्रत्येक फ्लॉपीला म्हणायची, "ही येईल, ही नक्की येईल." एकही धड आली नाही.

मग मी मूळ डिस्क उघडली, त्या प्रोग्रामला हात न लावता. तिथं जिवात जीव आला. प्रोग्राम पुसताना निरोपावर आधी फक्त खूण करायचा, खरं पुसणं शेवटी. वायर वेळेत निघाली होती. खुणा काढल्या की बहुतेक निरोप परत मिळणार होते. सगळ्यात जुने मात्र फायलीच्या तोंडाशी होते, तिथं वायर उपटल्यानं मोडतोड झाली होती. ते गेलेच.

पण एक अडचण होतीच. निरोप परत आले तरी नव्या नावानं बोर्ड सुरू केला की पुन्हा तोच आकडा खाली येणार. मी केबिनमध्ये जाऊन हे सांगितलं. चेअरमन, अण्णा, साळवेबाई, सगळे तिथंच होते.

"म्हंजे परत ते टेस्ट बोर्ड?" चेअरमन चिडले. "उद्या पेपरात छापून येईल साळवे स्मृती बोर्ड, आन् उघडलं की टेस्ट? लोकं हसतील की! निरोप काय, नवे लिहितील डॉक्टर लोक."

संगीता आजवर चेअरमनपुढं कधी बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली.

"साहेब, नवे कोण लिहिणार? सर लिहिणार का?"

साळवेबाई मला म्हणाल्या, "शेखभाई, मला साधं सांगा. यांचं नाव आणि यांनी लिहिलेलं, यातलं एकच राहणार?"

"हो वहिनी. एकच."

"मग लिहिलेलं ठेवा. नाव आमच्या दारावर आहे."

चेअरमननी खाली बघितलं. माणूस हट्टी होता, पण दगड नव्हता. मग म्हणाले, "पाटी मात्र दारावर लागंल. ती मी काढनार न्हाई."

"लावा की," बाई म्हणाल्या.

सगळे माझ्यामागं मंचावरच्या मशीनपाशी आले. मी आधी निरोपांवरच्या खुणा काढल्या आणि मग जुनी नावं परत टाकली. की जुळली. लाल ओळ गेली. बाई माझ्या खांद्यावरून बघत होत्या. स्क्रीनवर 'TEST BOARD' आलं, तसं चेअरमननी तोंड वाकडं केलं. पण बाईंचं बोट स्क्रीनच्या तळाशी गेलं. तिथं बारीक अक्षरांत एक ओळ असायची. रोजची असल्यानं आम्ही कुणी ती कधी वाचलीच नव्हती.

"हे काय लिहिलंय?"

मी वाचून दाखवलं. "हे लायसन डॉ. साळवे यांच्या नावावर आहे. बोर्डचे चालक, डॉ. साळवे."

बाईंनी पदर तोंडाला लावला.

चेअरमन घसा खाकरून म्हणाले, "अण्णा, पन हे मयताच्या नावावर किती दिवस ठेवायचं? नियमात बसतं का?"

अण्णा मघापासून मान खाली घालून होते. त्यांनी कंपनीचा फॅक्स पुढं केला आणि अगदी कचेरीच्या सुरात म्हणाले, "साहेब, या लायसनला वारस लागत न्हाई, असं कंपनीनं लेखी कळवलंय. मूळ नाव कधीच कमी करता येनार न्हाई."

त्यानंतर बोर्ड पुष्कळ वर्षं चालला. गेलेल्या जुन्या निरोपांत हायपोचा निरोपही होता. संगीतानं तो आठवून जसाच्या तसा परत लिहिला, 'रडायचं ते नंतर रड' यासकट. माझा धंद्यातला धडा साधा आहे. वायर कुठली उपटायची ते आधी बघून ठेवावं, बॅकअप ओल आलेल्या भिंतीला ठेवू नये, आणि जे मुकाट चालतंय त्याच्या कंपनीला आपणहून पत्र लिहू नये.

पुढं नवे डॉक्टर लागले. त्यांनी साळवेंना कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांना तळाशी चालक म्हणून नाव दिसायचं आणि ते बिनधास्त लिहायचे, 'साळवे सर, गाय व्याली ती उठेना, काय करू?' उत्तर द्यायची संगीता. सुरुवातीला ती प्रत्येकाला वर लिहायची, की सर आता नाहीत, मी शिंदे, जामखेड. पुढं पुढं तिनं ते लिहायचं सोडून दिलं आणि नुसतं उत्तर द्यायला लागली.